झुपक्यातले सहा तारे

माझ्या कपाटात एक फोटो आहे. त्यात आभाळभर ज्वारीच्या लाह्या फुटल्यात. नातवंडं विचारतात, आजी हे काय? मी सांगते, ही तुमची आजी, त्रेपन्नाव्या वर्षाची, स्वतःला फार मोठी फोटोग्राफर समजणारी. त्या लाह्या म्हणजे तारे आहेत. ते तसे का आले, ते सांगायचं तर त्या बाईची थोडी खरडपट्टी काढावी लागेल. माझी हरकत नाही. ती आज समोर आली असती, तर तिच्या गळ्यातला कॅमेरा काढून मी तिच्या हातात खराटा दिला असता.

अमरावतीत आमचा फोटो स्टुडिओ होता. नवरा लग्नं करायचा आणि बायकांकडचं सगळं माझ्याकडे: हळदी, डोहाळजेवणं, शाळेच्या फॉर्मसाठी पोरींचे फोटो. "मान सरळ, हनुवटी खाली, हसू नको" यात माझी तीस वर्षं गेली. मग रोलचे दिवस संपले आणि मी डिजिटल कॅमेरा घेतला. नवरा म्हणाला, "आता या वयात?" मी ऐकलं नाही. शहरातल्या फोटोवाल्यांच्या एका मंडळातही नाव घातलं. तिथे सगळे पुरुष. चहा आला की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या. मी कधीच ओतला नाही. तेवढ्यापुरती ती बाई मला आवडते.

त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात कॅमेरे फार यायचे. जीप गावाच्या पारापाशी थांबायची, खिशाखिशांचं जॅकेट घातलेली माणसं उतरायची आणि त्यांचे डोळे रडणारी बाई शोधायला लागायचे. मिळाली की जीप लवकर परत जायची. मी त्या लोकांना नावं ठेवायची आणि घरी येऊन त्यांचे फोटो वर्तमानपत्रातून कापून वहीत चिकटवायची. म्हणजे शिकायचं असेल तर कोणाकडून, हे मी ठरवून टाकलं होतं.

आमचं गाव अमरावती-अकोला रस्त्यावर, मूर्तिजापूरच्या अलीकडे. तिथे माझी थोरली जाऊ आणि भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, शेती बघायचे. एका पावसाळ्यात मी गेले होते. जाऊबाईंनी चुलीत कापसाच्या ओल्या पऱ्हाट्या घातल्या होत्या, कारण कोरड्या उरल्याच नव्हत्या. धुराचा असा लोट उठला की त्या डोळ्यांना पदर लावून दारात येऊन बसल्या. मागे पोपडे निघालेली भिंत. तिरपा उजेड. मी कॅमेरा उचलला आणि खट्.

घरी येऊन मी त्याचा रंग काढला, काळापांढरा केला. धूर जरा पुसला. आणि खाली नाव दिलं, 'आता डोळ्यांतच पाणी'. हसा. मीही हसते, पण दाढ दुखल्यासारखी. मंडळानं पहिलं बक्षीस दिलं. आठवड्यानं तो एका वर्तमानपत्रात छापून आला आणि मी त्याचे दहा अंक घेतले.

अकरावा अंक जाऊबाईंच्या भावाच्या हातात पडला, दर्यापूरला. त्या वर्षांत वऱ्हाडातल्या रडणाऱ्या बाईच्या फोटोचा एकच अर्थ असायचा: शेतकरी नवऱ्यानं जीव दिला. तो दुपारपर्यंत दोन बहिणी, एक काकू आणि ऑटो घेऊन आमच्या गावात. भासरे ओट्यावर बसून बशीत चहा ओतत होते. साळा हंबरडा फोडत उतरला, आणि त्यांना पाहून रडणं थांबवावं की वाढवावं हे त्याला कळेना.

"कोन गेलं बाप्पा?" भासऱ्यांनी विचारलं.

"तुमीच ना भाऊजी," साळा म्हणाला.

भासऱ्यांनी त्याला चहा दिला. ते पुढे कितीतरी दिवस हा किस्सा रंगवून सांगायचे. जाऊबाई मात्र हसल्या नाहीत. मला फोनवर त्यांचं एकच वाक्य आलं: "लहाने, तुनं मले जित्या नवऱ्याची विधवा केली." आणि फोन ठेवला. मग अबोला. पोळ्याला अबोला, महालक्ष्म्यांना अबोला, दिवाळीला मी घरी केलेल्या करंज्यांचा डबा जसाच्या तसा परत.

आता त्या बाईची कमाल ऐका. दिवाळीनंतर मंडळानं मोठं प्रदर्शन ठरवलं. विषय होता 'संकटातलं वऱ्हाड'. मुंबईचे पाहुणे येणार होते. मंडळाचे सचिव, ज्यांना आम्ही सर म्हणायचो, ते मला म्हणाले, "तुमचा तो फोटो आपण दरवाज्यासमोरच्या भिंतीवर लावू. दोन हात उंच." मी लगेच हो म्हणाले. जाडजूड पुठ्ठ्यावर लावलेली, वरून प्लास्टिक चढवलेली ती मोठी प्रत करूनही आणली. आणि मग आठवलं की फोटोतली बाई माझ्याशी बोलत नाही. तेव्हा मी गावाला गेले ते समजूत काढायला, असं मी नवऱ्याला सांगितलं. खरं कारण असं की प्रदर्शनात दर्यापूरचा भाऊ पुन्हा ऑटो घेऊन आला असता तर समोरची भिंत हातची गेली असती.

जाऊबाई शेतात वेचणीला होत्या. कमरेच्या ओटीत कापूस, हात चालूच. मला पाहून म्हणाल्या,

"आली का जीपवाली?"

"जाऊबाई, प्रदर्शन आहे."

"मालूम हाय. पेपरात आलं. तो फोटो खाली उतरव."

"मग तिथे काय लावू? भिंत रिकामी राहील."

"आभाय लाव. आभायाले चुलीचा धूर लागत नाही." त्यांनी एक बोंड सोललं, ओटीत टाकलं. "आन पाय लहाने, तुही मशीन हाय ते दाखवत नाही, नाही ते दाखवते. संध्याकायी उगवतीले तो झुपका निंगते ना, कृत्तिकांचा, त्याच्यात मले सहा दिसते. लहानपनापासून सहा. तुह्या मशीनीनं त्यातले सहाच्या सहा दाखवले, तं मी तुह्यासंगं बोलीन. नाही दाखवले, तं माह्या पोरीच्या लग्नात तू पाहुन्यासारखी ये, जेव आन जाय."

लेक त्यांची होती, पण तिची हळद मीच लावणार असं ती लहान असताना ठरलं होतं. मी तिथेच पऱ्हाटीत उभी राहून म्हणाले, "सहा ना? उद्याच दाखवते." तारे काय पळून जाणारेत? आणि मी तीस वर्षं फोटो काढलेले.

आमच्या गावात तेव्हा संध्याकाळी सहा ते दहा लाइन नसायची. भारनियमन. कार्तिकाचा वद्य पक्ष चालू होता, चंद्र नव्हता, सात वाजताच आभाळ असं भरून यायचं की मान दुखेपर्यंत बघावं. मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या कडेला, कॅमेऱ्याची तिपाई उभी केली. पाच मिनिटांत वीस माणसं जमा झाली. तीन पायांवरचं यंत्र म्हणजे जमिनीची मोजणी, हे सगळ्यांना माहीत होतं.

"हायवे इकून जाऊन राह्यला का?"

"नाही हो, ताऱ्यांचा फोटो आहे."

"ताऱ्यायले कोन मोजते? खरं सांगा ना बाई, किती जागा जाते आमची?"

त्यांना वाटेला लावून मी कामाला लागले. माझं शिक्षण जुन्या लेन्सवरचं. तिच्यावरची कडी फिरवत नेली की एका ठिकाणी ठक्कन अडायची. अडली म्हणजे लांबचं सगळं स्वच्छ: डोंगर, चंद्र, तारे. दूर म्हणजे शेवट, इतकं सोपं. मी नव्या लेन्सची कडी शेवटपर्यंत फिरवली, वर थोडी दाबलीसुद्धा, आणि दहा दहा सेकंदांचे वीस फोटो काढले. पाठीमागच्या दोन बोटांच्या पडद्यावर ते झकास दिसत होते. दोन बोटांच्या पडद्यावर सगळंच झकास दिसतं.

अमरावतीला येऊन संगणकावर उघडले तर लाह्या. एकही तारा टोकदार नाही, सगळे फुगलेले, आणि कृत्तिकांचा झुपका म्हणजे एकच एक पांढरा गोळा. आता शहाण्या बाईनं गप्प बसावं. मी त्याची प्रत काढली आणि जाऊबाईंकडे नेली. म्हटलं, जमलं तर जमलं.

त्यांनी प्रत उजेडाकडे धरली. "हे का हाय वं? मोड आलेली मटकी?"

"जरा कलात्मक आहे."

"सहा कोठी हाय?"

"या गोळ्यातच आहेत. आतमध्ये."

"आतमधी तं माह्या पोटातही लय काही हाय," त्या म्हणाल्या आणि प्रत परत दिली.

मग मी तोडगा काढला, तो त्याहून भारी. कॅमेऱ्यालाच नेम धरायला सांगितलं, म्हणजे ऑटोफोकस. अंधारात त्या लेन्सला पकडायला काही सापडेना. घुर्र घुर्र करत पुढे जायची, मागे यायची आणि फोटो काढायलाच नकार द्यायची. एकदाच काय ती थांबली, तर लांबून येणाऱ्या कोणाच्या तरी कंदिलावर.

अकोल्याला जुन्या बाजारामागच्या गल्लीत एक चाचा बसायचे. घड्याळं आणि कॅमेरे दुरुस्त करायचे. एका डोळ्याला भिंग लावलेलं, ते जेवतानाही काढत नसतील अशी मला शंका. मी त्यांच्यापुढे लाह्यांचा फोटो ठेवून म्हटलं, "चाचा, लेन्स खराब आहे."

त्यांनी फोटो पाहिला, कडी फिरवली, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी एकदम शाळेत गेले.

"बाई, आखरी तक घुमाया क्या?"

"हो. शेवटपर्यंत."

"वो पुराना जमाना गया. ये लेन्स गरमी-ठंडी में थोडा सरकता. इसके वास्ते कंपनी ने आगे भी जगह रखी. तुम मंजिल के आगे निकल गये, बस."

मंजिल के आगे. त्या बाईचं इतकं अचूक वर्णन आजवर कोणी केलेलं नाही.

मग त्यांनी मला युक्ती सांगितली. मागच्या पडद्यावर दृश्य चालू करायचं. आभाळातला एक ठळक तारा मधोमध आणायचा. पडदा दहा पट मोठा करायचा. मग कडी सावकाश फिरवायची. तारा लहान होत जाईल, अजून लहान, आणि एका जागेनंतर पुन्हा मोठा व्हायला लागेल. तिथून मागे यायचं. जिथे तो सगळ्यात बारीक, तिथे कडी चिकटवून टाकायची. "और वहीं देखना, खेत में, रात की ठंडी में. दिन का निशान रात को नै चलता," ते म्हणाले.

यातलं शेवटचं वाक्य मी ऐकलं नाही, कारण तोवर मला माझी स्वतःची युक्ती सुचली होती. दुपारी, भर उन्हात, दुकानासमोरून मी लांबची पाण्याची टाकी पडद्यावर मोठी करून स्वच्छ केली. पर्समधून टिकली काढली आणि कडी आणि नळी यांच्या सांध्यावर लावली, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मग ब्लेडनं मधोमध कापली. दोन अर्ध्या जुळल्या की झालं! संध्याकाळी अंधारात डोळे फोडायची गरजच नाही. बसमध्ये मी त्या टिकलीकडे पाहत मूर्तिजापूरपर्यंत हसत होते.

त्या संध्याकाळी गारठा होता. टिकल्या जुळवल्या, फोटो काढले. या वेळी लाह्या नव्हत्या. तांदूळ म्हणा. जाऊबाईंनी दुसऱ्या प्रतीवर बोट ठेवून मोजलं.

"चार. दोन तुनं खाल्ले."

"जाऊबाई, चार म्हणजे पुष्कळ."

"चार लेकरं घेऊन जत्रंत गेली आन दोन घेऊन आली, तं पुष्कळ म्हनशीन का?"

प्रदर्शनाला नऊ दिवस उरले होते. सरांचा फोन येऊन गेला की समोरच्या भिंतीवर खिळा मारून ठेवला आहे. खरं सांगते, त्या रात्री मी ठरवलं होतं की दोन हात उंच जाडजूड पुठ्ठा तयारच आहे, तो लावून मोकळं व्हावं. जाऊ काय, आज ना उद्या बोलेलच. सकाळी उठून तो पुठ्ठा बाहेर काढला. त्यावरच्या बाईचा पदर डोळ्यांना होता आणि कपाळ उघडं होतं. कपाळावर टिकली होती. चांगली ठसठशीत. इतके दिवस मी ती पाहिलीच नव्हती. पाहिली असती, तर त्या भावालाही दाखवता आली असती. फोटो स्वच्छ होता, माझंच लक्ष भलतीकडे होतं.

मी पुठ्ठा काखेत मारला, कॅमेरा घेतला आणि गावाची बस धरली.

संध्याकाळी धुऱ्यावर मी चाचांच्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं. मावळतीकडे अभिजितचा तारा अजून वर होता, चांगला ठळक. त्याला पडद्यावर आणलं, दहा पट मोठा केला. आणि तिथे माझी खरी अडचण उघडी पडली, जी मी कोणालाच सांगितली नव्हती. मला चाळिशी लागून दहा वर्षं झाली होती. चष्मा लावला की पडदा दिसायचा पण काचेवर वाफ धरायची, काढला की तारा आहे की माझ्या डोळ्यातलं पाणी हेच कळायचं नाही. लहान झाला की मोठा, कोण सांगणार? पंधरा मिनिटं मी ती कडी फिरवत राहिले. मग मला रडू आलं. फोटो काढायला आजूबाजूला कोणी नव्हतं, हे नशीब.

होतं. जाऊबाई बांधावर उभ्या होत्या.

"काहून थांबली?"

"दिसत नाही मला," मी म्हणाले. "इतकं बारीक दिसत नाही."

त्या जवळ आल्या. दिवसभर वेचणी केलेले हात पदराला पुसले. या बाईनं साठाव्या वर्षी चिमणीच्या उजेडात सुईत दोरा ओवलेला मी पाहिला होता. त्यांनी पडद्याला नाक लावलं.

"कायले पाहू?"

"तो ठिपका. मी फिरवते. बारीक झाला की सांगा."

"फिरव."

मी फिरवली.

"मोठा होऊन राह्यला. उलटा फिरव. हो. आता बारीक. आनखी. आनखी बारीक. हळू ना वं, दळन दळून राह्यली का? आनखी... हां. नाही, फुगला. वापस. वापस म्हनलं तं इतकी नाही! राईएवढी. बस. हात काढ."

मी हात काढला. अकोल्याला भर उन्हात लावलेल्या टिकलीच्या दोन अर्ध्या आता जुळत नव्हत्या. मधे फट होती, तिळाएवढी. आठ दिवसांचा सगळा तमाशा त्या तिळाचा.

"चिकटवायला काही आहे का?" मी विचारलं. चिकटपट्टी बॅगेत नव्हती.

जाऊबाईंनी कपाळावरची टिकली काढली आणि त्या सांध्यावर दाबून बसवली. अंगठ्यानं दोनदा. मग पदर कपाळावर ओढून घेत म्हणाल्या, "पाय, आता हलते का."

कॅमेरा उगवतीकडे वळवला. झुपका पऱ्हाटीच्या वर चांगला हातभर आला होता. बटण दाबून दोघी मागे सरकलो आणि जाऊबाईंनी मोठ्यानं दहापर्यंत मोजलं. मग त्यांना मजा वाटायला लागली. चाळीस फोटो काढले आम्ही, आणि मधेच त्यांनी मला दोनदा पडदा मोठा करून तपासायला लावलं. "थंडी वाढली. सरकला असन," म्हणाल्या. दुसऱ्यांदा खरंच सरकला होता. चाचांचं न ऐकलेलं वाक्य या बाईला न सांगता कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी प्रत घेऊन गेले. तारे सुईनं टोचल्यासारखे. जाऊबाईंनी बोटानं मोजायला सुरुवात केली. सहा झाले. बोट थांबलं नाही. सात, आठ, नऊ.

वर पाहिलं तेव्हा डोळे बारीक झाले होते. "मले सहा दिसते. हे तीन कोठून आनले? पुन्हा खोटा काढला?"

मी शपथा घेतल्या. समजावलं की डोळा पाहतो तसं सोडून देतो, कॅमेरा दहा सेकंद सगळा उजेड साठवतो. त्यांनी हूं म्हटलं. त्या संध्याकाळी त्या धुऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. किती वेळ, ते भासऱ्यांना विचारा, त्यांचं जेवण थांबलं होतं. परत आल्या आणि ताटं वाढता वाढता म्हणाल्या, "सातवा हाय. काठावर हाय, पन हाय." मग माझ्याकडे न पाहता, "लहाने, भाकर घे."

प्रदर्शनाच्या दिवशी मी सरांच्या हातात ताऱ्यांचा फोटो दिला. खाली पऱ्हाटीची काळी रांग, वर आभाळ, आणि झुपका. सरांनी मागे पुढे पाहिलं.

"आणि तो?"

"तो नाही."

"अहो, विषय संकट आहे. यात संकट कुठे आहे?"

जाऊबाई माझ्या शेजारी होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून. "लाइन नाही म्हून इतके दिसून राह्यले," त्या म्हणाल्या. "तुमच्या अमरावतीत दाखवा बरं, सर."

समोरच्या भिंतीवर सरांनी दुसऱ्या कोणाची तरी भेगाळलेली जमीन लावली. माझा फोटो गेला चहाच्या टेबलामागे. मला वाटलं होतं मला वाईट वाटेल. पण चहाला सगळेच येतात, मुंबईचे पाहुणेसुद्धा. जाऊबाई तिथे संध्याकाळपर्यंत उभ्या होत्या. कोणी "छान आहे हं" म्हणून कप घेऊन निघालं की त्यांचा हात आडवा.

"छान हाय ते समजलं. किती हाय ते सांगा. मोजा."

लोक मोजायचे. सहा म्हणाले तर सोडायच्या नाहीत.

त्यांच्या लेकीची हळद मी लावली आणि फोटोही मीच काढले. सगळे स्वच्छ.

आणि तो पुठ्ठा? धुऱ्यावर टिकली चिकटवली त्या संध्याकाळी मी तो त्यांच्याकडेच ठेवून आले होते. वर्षभरानं सरांचा फोन आला. पुण्यात मोठं प्रदर्शन होतं, तिथे तोच पाहिजे होता, माझं नाव मोठ्या अक्षरात. मी तेव्हा गावालाच होते, स्वयंपाकघरात. जाऊबाईंनी चुलीत पुन्हा ओल्या पऱ्हाट्या घातल्या होत्या आणि तो पुठ्ठा दोन्ही हातांत धरून चुलीला वारा घालत होत्या. जाड होता, प्लास्टिक चढवलेला, वारा चांगला यायचा. धूर खिडकीतून सरळ बाहेर जात होता.

"सर," मी म्हणाले, "तो कामात आहे."